सहा हजार अणू पकडले, तरी उपयोगी क्वांटम संगणक का नाही?

रावेर तालुक्यातली एक विद्यार्थिनी जळगावला विद्यापीठात एम.एस्सी. भौतिकशास्त्र करते. तिनं विचारलं आहे: "सर, कुठे ३,००० अणूंचं यंत्र, कुठे ६,१०० अणूंचं, अशा बातम्या वाचते. ४८ लॉजिकल क्यूबिट झाले असंही वाचलं. मग यावर कामाचं गणित अजून का होत नाही? चुका दुरुस्त करतात म्हणजे नेमकं काय करतात? असं यंत्र आपल्या जळगावच्या उन्हात चालेल का, आणि मला इथे राहून यात काही करता येईल का? वडील केळी लावतात. ते विचारतात, याचा आपल्याले काय फायदा?"

ताई, माझी कामाची सगळी वर्षं लेसर आणि थंड अणूंबरोबर गेली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. गाभा आधी सांगतो. अणू किती पकडले यावरून या यंत्राची ताकद कळत नाही. बातमी वाचताना तीन गोष्टी शोधा: चुका दुरुस्त करणारा कोड मोठा केला तेव्हा चूक घटली का, किती पटीनं घटली, आणि ती घट किती फेऱ्या टिकली. बाकीचे आकडे महत्त्वाचे असतात, पण ते या प्रश्नानंतर येतात.

यंत्र दिसतं कसं ते आधी पाहू. काचेचा छोटा कक्ष असतो, आत जवळजवळ पूर्ण निर्वात. त्यात रुबिडियम, सिझियम, स्ट्रॉन्शियम किंवा यटर्बियम यांपैकी एका धातूची अगदी विरळ वाफ. चहूबाजूंनी लेसर आणि सोबत चुंबकीय क्षेत्र लावून अणूंचा वेग मारतात, आणि त्यांचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही लक्षांश भागापर्यंत उतरतं. या शीतकरणासाठी १९९७ चं नोबेल मिळालं. मग भिंगातून लेसरचे बारीक ठिपके पाडतात, प्रत्येक ठिपका साधारण एक मायक्रॉनचा. प्रकाशाच्या या चिमट्यात एकेक अणू अडकून बसतो. चिमट्याची मूळ कल्पना आर्थर अ‍ॅश्किन यांची. त्यांना २०१८ साली नोबेल मिळालं.

एका ठिपक्यात दोन अणू शिरले तर प्रकाशामुळे ते एकमेकांवर आदळून दोघंही निसटतात. त्यामुळे ठिपक्यात एक अणू असतो किंवा एकही नसतो, आणि जवळपास निम्मे ठिपके रिकामे निघतात. मग कॅमेऱ्यानं फोटो काढायचा, रिकाम्या जागा हेरायच्या, आणि हलणाऱ्या दुसऱ्या चिमट्यानं जास्तीचे अणू उचलून तिथे नेऊन ठेवायचे. कपाशी उगवल्यावर आठ-दहा दिवसांनी आपल्याकडे शेतात नांग्या भरतात, तसंच हे काम आहे. इथे ते सेकंदाच्या लहानशा भागात उरकावं लागतं. २०१६ साली फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या गटांनी पन्नासेक अणूंची एकही खंड नसलेली मांडणी अशी करून दाखवली. तुम्ही वाचलेला ६,१०० चा आकडा अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेचा आहे. तिथे सिझियमचे अणू सुमारे १२,००० ठिपक्यांत पकडले, म्हणजे निम्म्याचा हिशोब तिथेही तसाच आहे. त्या अणूंची क्वांटम स्थिती १२.६ सेकंद टिकली आणि अणू चिमट्यात सरासरी २३ मिनिटं राहिले. हे काम मोलाचं आहे. पण तिथे झालं ते अणू पकडून धरण्याचं, त्यांना स्थिर ठेवण्याचं आणि हलवण्याचं काम. त्या ६,१०० अणूंवर चुका दुरुस्त करत गणित चाललेलं नाही.

क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातलं माहितीचं मूळ एकक, साध्या संगणकातल्या बिटसारखं. इथे क्यूबिट म्हणजे अणूतल्या दोन ऊर्जापातळ्या. रुबिडियम-८७ मध्ये या दोन पातळ्यांत सुमारे ६.८ गिगाहर्ट्‌झचा फरक असतो. आण्विक घड्याळातही हाच फरक वापरतात. निसर्गातला प्रत्येक रुबिडियम-८७ अणू दुसऱ्यासारखा हुबेहूब असतो, हा इथला मोठा फायदा. चिपवर बनवलेल्या क्यूबिटला हे भाग्य नाही, तिथे प्रत्येक क्यूबिट थोडा वेगळा निघतो आणि त्याची वेगळी जुळवणी करावी लागते.

पण तटस्थ अणू एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. गणितासाठी दोन क्यूबिट गुंतवायला, म्हणजे त्यांच्या स्थिती एकमेकांशी बांधायला हव्यात. त्यासाठी लेसरनं अणूचा बाहेरचा इलेक्ट्रॉन खूप वरच्या पातळीवर नेतात. या स्थितीला रिडबर्ग स्थिती म्हणतात. अणू तेव्हा प्रचंड फुगतो, आणि काही मायक्रॉन अंतरावरचा शेजारी अणू त्याच वेळी त्याच पातळीवर जाऊ शकत नाही. या अडवणुकीतून दोन क्यूबिटचं गेट, म्हणजे गणिताचं एक मूलभूत पाऊल, करता येईल, हे २००० साली मांडलं गेलं. २०१० च्या सुमारास दोन अणूंवर ते प्रत्यक्षात उतरलं. २०२३ मध्ये हार्वर्डच्या गटानं एकाच वेळी ६० अणूंवर ९९.५ टक्के अचूकतेचं गेट केलं.

९९.५ ऐकायला उत्तम वाटतं. हिशोब करून पाहा. दोनशे गेटमध्ये एक चूक. असे हजार गेट एकामागून एक केले तर एकही चूक न होता शेवटाला पोचण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी उरते. आणि ज्या गणितांसाठी हा सगळा खटाटोप आहे, म्हणजे मोठ्या रेणूंचा अभ्यास किंवा मोठ्या संख्येचे अवयव पाडणं, त्यांना अब्जावधी गेट लागतात. अणू सहा हजार असोत की साठ हजार, दर दोनशे पावलांना ठेच लागत असेल तर तिथवर पोचता येणार नाही. म्हणून चुकांची दुरुस्ती.

साध्या संगणकात एकाच बिटच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येतं. क्वांटम स्थितीची प्रत काढता येत नाही, आणि ती उघडून पाहिली तर मोडते. १९९५ साली पीटर शोर यांनी नऊ क्यूबिटांचा कोड मांडून यातून वाट काढली. एका क्यूबिटची (त्याला लॉजिकल क्यूबिट म्हणतात) माहिती अनेक प्रत्यक्ष, म्हणजे भौतिक क्यूबिटांच्या परस्परसंबंधांत विखरून ठेवायची, आणि 'तुमची किंमत काय' असं कुणालाच न विचारता शेजाऱ्यांच्या गटाला 'तुमच्यात सम-विषम जुळतंय का' एवढंच विचारायचं. ही विचारणा मदतनीस क्यूबिटांमार्फत होते. ज्या ठिकाणी जुळत नाही, तिथल्या खुणांवरून चूक कुठे झाली असेल याचा अंदाज साधा संगणक बांधतो. या प्रोग्रामला डिकोडर म्हणतात. विचारणा एकदा करून भागत नाही, गणित चालू असेपर्यंत फेरीमागून फेरी करावी लागते. चुका मदतनीस क्यूबिटांतही होतात, मोजमापातही होतात, म्हणून ही सलग चौकशी.

सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे तो सरफेस कोडचा. त्याचा आकार 'अंतर' या संख्येनं सांगतात. अंतर ३ असेल तर ९ माहितीचे आणि ८ मदतनीस, असे १७ क्यूबिट. अंतर ५ ला ४९. अंतर ७ ला ९७. भौतिक क्यूबिटांची चूक साधारण एक टक्क्याच्या उंबरठ्याखाली असेल तर कोड मोठा करत गेल्यावर लॉजिकल चूक घटत जाते. वर असेल तर उलटं होतं, जितके क्यूबिट वाढवाल तितका घोळ वाढतो.

इथे बहुतेक लेख थांबतात: उंबरठा ओलांडला, काम झालं. मला हे पटत नाही, कारण किती खाली आहात यावर सगळं खर्चाचं गणित अवलंबून आहे. समजा अंतर ७ ला लॉजिकल चूक हजारात एक आहे आणि आपल्याला ती लाख कोटीत एक इतकी खाली हवी आहे. म्हणजे अब्जपटीनं घट. अंतर दोननं वाढवल्यावर चूक निम्मी होत असेल, तर तीस वेळा निम्मी करावी लागेल. अंतर ६७ लागेल, आणि एका लॉजिकल क्यूबिटला ८,९७७ अणू. तेच प्रत्येक पायरीला चूक दहापट घटत असेल तर नऊ पायऱ्या पुरतात, अंतर २५, अणू १,२४९. लॉजिकल क्यूबिट हजार लागणार असतील तर हा फरक नव्वद लाख अणू आणि साडेबारा लाख अणू यांच्यातला आहे. कागद-पेन्सिल घेऊन हा हिशोब स्वतः करा. एकदा केला की बातमीतल्या आकड्यांकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं पाहाल.

आज आपण कुठे आहोत? गूगलच्या सुपरकंडक्टिंग (अतिवाहक) चिपवर डिसेंबर २०२४ मध्ये अंतर ३, ५, ७ असा चढता कोड चालवला आणि प्रत्येक पायरीला चूक २.१४ पट घटली. अणूंच्या बाजूला हार्वर्डच्या गटानं २०२५ मध्ये ४४८ अणूंपर्यंतच्या यंत्रावर, एकामागून एक चार फेऱ्यांच्या चाचणीत, कोड मोठा केल्यावर तसाच २.१४ पटीचा फरक दाखवला. आकडा योगायोगानं जुळला आहे, दोन्ही प्रयोगांची घडण वेगळी आहे. पण 'मोठा केला की सुधारतो' हे अणूंवर पुन्हापुन्हा चौकशी करत दिसलं, याला मी ६,१०० अणू पकडण्यापेक्षा मोठी घटना मानतो.

आता त्या ४८ लॉजिकल क्यूबिटांबद्दल, कारण त्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज झाले आहेत. डिसेंबर २०२३ चं ते काम. यंत्र २८० अणूंचं. ४८ चा आकडा आला तो छोट्या कोडमधून: आठ अणूंत तीन लॉजिकल क्यूबिट, असे सोळा गट, एकूण १२८ अणू. या कोडचं अंतर फक्त २ आहे. अंतर २ चा कोड चूक झाल्याचं ओळखतो, पण कुठे झाली ते सांगू शकत नाही, म्हणून दुरुस्त करू शकत नाही. मग ज्या खेपेला चूक दिसली ती खेप बाजूला टाकायची आणि उरलेल्यांवरून उत्तर काढायचं. यात लपवाछपवी काही नाही, शोधनिबंधात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण गणित लांबलं की चूक न झालेली खेप दुर्मिळ होत जाते आणि टाकून देण्याचा हा मार्ग संपतो. त्याच निबंधात सरफेस कोडचे दोन गट गुंतवून, अंतर ३ पासून ७ पर्यंत वाढवल्यावर परिणाम सुधारतो असंही दाखवलं होतं. मथळ्यात ४८ आले. माझ्या मते खरी बातमी ती दुसरी होती.

ते गुंतवणं कसं केलं, हे समजून घेण्यासारखं आहे. अणूंच्या यंत्राचं वेगळेपण तिथेच आहे.

चिपवर क्यूबिट जिथे कोरला तिथेच राहतो, त्याचं नातं फक्त शेजाऱ्यांशी. अणू उचलून नेता येतो, आणि नेताना त्याची क्वांटम स्थिती शाबूत राहते. २०२२ साली हे नीट सिद्ध झालं. त्यामुळे यंत्राचे विभाग पाडता येतात: साठवणीचा एक, गेटचा एक, मोजणीचा एक. दोन लॉजिकल क्यूबिटांत गेट करायचं असेल तर दोन्ही गट गेटच्या विभागात आणून एकावर एक अशा रीतीनं ठेवायचे की पहिल्यातला प्रत्येक अणू दुसऱ्यातल्या आपल्या जोडीदाराच्या शेजारी येईल. मग एकच लेसर-झोत सगळ्या जोड्यांवर एकदम. एका गटातली एक चूक त्याच गटात पसरत नाही, जास्तीत जास्त समोरच्या जोडीदाराकडे जाते. हजारो अणूंसाठी हजारो तारा ओढाव्या लागत नाहीत. शिवाय दूरचे अणू जवळ आणता येत असल्यामुळे सरफेस कोडपेक्षा काटकसरी कोड वापरायची वाट मोकळी होते. आयबीएमच्या संशोधकांनी मांडलेल्या अशा एका कोडमध्ये २८८ क्यूबिटांत १२ लॉजिकल क्यूबिट बसतात. सरफेस कोडला त्याच संरक्षणासाठी तीन हजारांच्या आसपास लागले असते. या कोडना लांब पल्ल्याच्या जोडण्या लागतात. चिपवर त्या अवघड आहेत. अणूंना मात्र नुसतं चालवत न्यायचं असतं.

आता अडचणी. पहिली म्हणजे अणू हरवतात. निर्वात कितीही चांगला असला तरी उरलेल्या वायूचा एखादा रेणू येऊन अणूला उडवतो. मोजताना अणू तापून निसटतो. रिडबर्ग स्थितीत असताना चिमट्याची पकड सुटते. कॅलटेकचीच २३ मिनिटं घ्या, एका अणूला ती भरपूर वाटतात. पण ६,१०० अणू असतील तर सरासरी दर पाव सेकंदाला एक अणू गेला. दोन कोटी अणूंचं यंत्र असेल आणि एक फेरी मिलिसेकंदाची असेल, तर निव्वळ निर्वातातल्या धडकांमुळे प्रत्येक फेरीत चौदा-पंधरा अणू जातील.

म्हणून नांग्या सुरुवातीला एकदा भरून चालत नाही, उभ्या पिकात सतत भरत राहावं लागतं. २०२५ मध्ये हार्वर्ड-एमआयटीच्या गटानं नेमकं हेच केलं. प्रकाशाच्या सरकत्या पट्ट्यावरून नवे अणू आणत राहून ३,००० हून जास्त अणूंची मांडणी दोन तासांहून अधिक वेळ चालू ठेवली, आणि नवे अणू येत असताना आधीच्या अणूंची क्वांटम स्थिती टिकली. तुम्ही वाचलेला ३,००० चा आकडा तो हा. त्यातल्या 'तीन हजार'पेक्षा 'दोन तास' हा भाग जास्त मोलाचा आहे.

हरवण्याची एक चांगली बाजूही आहे, आणि या विषयातली मला सगळ्यात आवडणारी कल्पना तिच्यातून आली. चूक कुठे झाली हे ठाऊक नसेल तर अंतर ७ चा कोड तीन चुका निस्तरतो. जागा ठाऊक असेल तर सहा. अणू हरवला तर फोटोत जागा रिकामी दिसते, म्हणजे जागा कळली. प्रिन्स्टनच्या जेफ थॉम्पसन यांच्या गटानं आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये विचारलं: बाकीच्या चुकाही आपणहून आपली जागा सांगतील अशी व्यवस्था करता येईल का? यटर्बियम-१७१ मध्ये क्यूबिट एका दीर्घायुषी वरच्या पातळीवर ठेवला तर गेट करताना होणाऱ्या बहुतेक चुका अणूला अशा पातळीवर टाकतात, जिथे तो वेगळ्या लेसरखाली चमकतो आणि बाकीच्या क्यूबिटांना धक्का लागत नाही. त्यांच्या गणितात उंबरठा ०.९३७ टक्क्यांवरून ४.१५ टक्क्यांवर गेला. पुढच्याच वर्षी यटर्बियमवर आणि स्ट्रॉन्शियमवर अशी चमकणारी चूक प्रत्यक्ष टिपली गेली. चूक तेवढीच राहते, पण तिचा पत्ता कळल्यामुळे ती चारपट सोसवते. भौतिकशास्त्र आणि कोडशास्त्र एकमेकांच्या इतकं उपयोगी पडलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

दुसरी अडचण वेळेची. सुपरकंडक्टिंग चिपवर एक फेरी सुमारे एका मायक्रोसेकंदात होते. अणूंचं गेट तेवढंच चपळ आहे, पण अणू उचलून न्यायला शेकडो मायक्रोसेकंद लागतात आणि कॅमेऱ्यानं मोजायला आणखी. फेरी मिलिसेकंदाच्या घरात जाते, म्हणजे हजारपट संथ. हे नुसत्या चांगल्या लेसरनं मिटणारं नाही, अणू जोरात ओढला की तापतो.

यावर एक तोड निघाली आहे. मोजमापातही चुका होतात, एका फेरीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून एरवी प्रत्येक लॉजिकल गेटमागे कोडच्या अंतराइतक्या फेऱ्या कराव्या लागतात. अंतर २५ तर पंचवीस फेऱ्या. हार्वर्डच्या मिखाइल ल्युकिन यांच्या गटानं आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गट एकावर एक ठेवून केलेल्या गेटांत, सगळ्या खुणा एकत्र धरून डिकोड केलं, तर गेटमागे एखाद-दुसरी फेरी पुरते. या पद्धतीनं २०४८ बिटांच्या आरएसए संख्येचे (संदेश गुप्त ठेवण्यासाठी वापरतात त्या मोठ्या संख्येचे) अवयव पाडण्याचा त्यांचा अंदाज असा: १.९ कोटी अणू, मिलिसेकंदाची फेरी, ५.६ दिवस. सुपरकंडक्टिंग यंत्रासाठी गूगलच्या क्रेग गिडनी यांचा २०१९ चा अंदाज दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास असा होता. मे २०२५ मध्ये त्यांनीच तो दहा लाखांच्या आत आणि आठवड्याच्या आत आणला. यंत्रं सुधारली त्यापेक्षा जास्त वेगानं कागदावरची पद्धत सुधारली, हे लक्षात ठेवा. पुढे तुमच्यासाठी त्यात काम आहे. पण ५.६ दिवस म्हणजे मिलिसेकंदाच्या जवळजवळ ४८ कोटी फेऱ्या, आणि त्या काळात सतत अणू भरणं. अणूंवर आपण पाहिलेला दाखला चार फेऱ्यांचा आहे. ४ आणि ४८ कोटी यांच्यामधलं अंतर हेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

एक गोष्ट राहिली. गट एकावर एक ठेवून सगळी गेट करता येत नाहीत. कोणत्याही एका कोडमध्ये असं होऊ शकत नाही, हे ईस्टिन आणि निल यांनी २००९ मध्ये सिद्ध केलं. राहिलेल्या गेटसाठी 'मॅजिक' नावाच्या खास स्थिती लागतात, आणि त्या मळकट निघतात म्हणून पाचातून एक अशा गाळून शुद्ध कराव्या लागतात. २०२५ मध्ये अणूंवर ही गाळणी लॉजिकल पातळीवर करून दाखवली. मोठ्या यंत्रात जागेचा बराच हिस्सा या कामाला जाईल.

आता जळगावचं ऊन. चिपच्या यंत्राला निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा एखाद-दुसरा शतांश भाग, इतकं थंड शीतयंत्र लागतं. अणूंच्या यंत्रात थंड असतात ते फक्त अणू. काचेचा कक्ष खोलीच्याच तापमानाला असतो, कारण निर्वातात टांगलेल्या अणूपर्यंत कक्षाची उष्णता पोचतच नाही म्हणावं इतकी थोडी पोचते. तेव्हा मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला म्हणून अणू तापत नाहीत. तापतात आरसे आणि त्यांचे आधार. खोली दोन अंशांनी वरखाली झाली की लेसरचा झोत सरकतो, मायक्रॉनभर ठिपका अणूवरून हलतो, आणि गेटची अचूकता घसरते. त्यामुळे खोली अर्ध्या अंशाच्या आत स्थिर ठेवणारी वातानुकूलन व्यवस्था, अखंड वीज आणि हादरे न पोचणारी तळमजल्याची जागा हवी. निर्वाताचे पंप बंद ठेवून चालत नाही; कक्ष पुन्हा तापवून निर्वात मिळवायला आठवडे जातात. भुसावळकडच्या मालगाड्यांच्या मार्गाला लागून ही खोली मी बांधणार नाही. पण यातलं काहीही खानदेशात अशक्य नाही. अडतं ते पैशावर, आणि लेसर जुळवणाऱ्या, निर्वात सांभाळणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्स घडवणाऱ्या हातांवर. हे हात एका दिवसात तयार होत नाहीत.

वडिलांना सांगा, केळीचा भाव उद्या काय निघेल हे हे यंत्र सांगणार नाही. भाव, पाऊस, रोग यांच्या अंदाजाला साधे संगणक आणि चांगली माहिती लागते. क्वांटम संगणकाचा भरवशाचा उपयोग रेणू आणि पदार्थ यांच्या अभ्यासात आहे, कारण तिथे मुळातच क्वांटम नियम चालतात. शेतीशी त्याचा लांबचा धागा असा: हरभऱ्याच्या, मुगाच्या मुळावरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन साध्या तापमानाला धरतात, आपले खत कारखाने तेच काम चारशे-पाचशे अंशांना आणि प्रचंड दाबाखाली करतात. जिवाणूच्या विकरात लोह आणि मॉलिब्डेनमच्या अणूंचा एक झुबका आहे, त्याचं इलेक्ट्रॉनचं गणित मोठ्यात मोठ्या संगणकालाही फार जड जातं. चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्राला ते झेपेल अशी आशा आहे. त्यातून खत स्वस्त होईल असं मी त्यांना सांगणार नाही. तो झुबका समजणं आणि कारखाना उभा राहणं यात फार पायऱ्या आहेत.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. डिकोडरचं काम करायला लेसर लागत नाही. स्टिम (चुकांसकट परिपथ संगणकावर चालवून पाहणारं) आणि पायमॅचिंग (डिकोडर) ही दोन साधनं मोफत आहेत, पायथॉनमधून चालतात, आणि विद्यापीठातल्या साध्या संगणकावर किंवा स्वतःच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतात. जगातले आघाडीचे गट हीच वापरतात. स्टिममध्ये सरफेस कोडची परिपथं तयार करण्याची सोय आहे. अंतर ३, ५ आणि ७ घ्या, भौतिक चूक ०.२ टक्क्यांपासून १.२ टक्क्यांपर्यंत बदलत न्या, प्रत्येक ठिकाणी लाखभर खेपा चालवा, आणि लॉजिकल चुकीचे तीन आलेख एकाच कागदावर काढा. ते जिथे एकमेकांना छेदतात तो उंबरठा. हे जमलं की ठरावीक हिस्सा चुकांचा 'जागा कळलेल्या' प्रकारात टाका. त्या खेपेपुरतं डिकोडरच्या जाळ्यात त्या चुकीच्या कडेचं, म्हणजे दोन खुणा जोडणाऱ्या रेषेचं, वजन शून्य करावं लागेल. छेदनबिंदू उजवीकडे सरकलेला दिसेल. मग एक फेरी उशिरा कळलेला हरवलेला अणू कसा हाताळायचा, हे करून पाहा. तो मधल्या काळात शेजाऱ्यांची गेटही बिघडवतो, म्हणून हा प्रश्न वाटतो त्याहून कठीण आहे. यावर आजही निबंध निघत आहेत. अणूंची फेरी संथ असल्यामुळे डिकोडरला विचार करायला मिलिसेकंद मिळतो, चिपच्या डिकोडरला मायक्रोसेकंद. त्यामुळे जरा जड पण हुशार पद्धतींना इथे वाव आहे.

लेसरच हाताळायचे असतील तर पुण्याचं आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) पाहा. तिथे थंड अणूंची प्रयोगशाळा आहे. राष्ट्रीय क्वांटम मिशन एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालं, ६,००३.६५ कोटी रुपयांचं, २०३०-३१ पर्यंत. त्याच्या घोषणेत संगणकासाठी सुपरकंडक्टिंग आणि फोटॉनिक (प्रकाशकणांवर चालणारी) या वाटांचं नाव घेतलं आहे. अणूंचा उल्लेख आहे तो घड्याळं आणि चुंबकीय संवेदकांच्या संदर्भात. संवेदनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आहे. म्हणून अर्ज करताना 'अणूंचा संगणक' एवढंच शोधू नका. आण्विक घड्याळ बांधणाऱ्या गटात तुम्ही अणू थंड करायला, लेसरची वारंवारता बांधून ठेवायला आणि निर्वात राखायला शिकाल, आणि संगणकाच्या यंत्रातही पहिली दोन वर्षं तेच शिकावं लागतं. पीएच.डी.च्या मुलाखतीला जाताना वर सांगितलेले आलेख सोबत न्या, आणि हरवलेला अणू उशिरा कळल्यावर तुमच्या डिकोडरनं काय केलं ते आकड्यांसह सांगता येईल एवढी तयारी ठेवा.